मेहकच्या नावानं

दौंडची सुफिया आणि शिरूरची मेहक कॉलेज संपल्यावरही ऑर्कुटवर एकमेकींना सिनेमाचे, क्रिकेटचे प्रश्न विचारत. मेहकला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसे. पण मुजीबशी साखरपुडा झाल्यापासून तिची उत्तरं धडाधड बरोबर येऊ लागली. सुफियाला शंका आली. तिनं विचारलं, "हॉस्टेलात मेसच्या मावशींना आपण काय म्हणायचो?"

उत्तराऐवजी प्रश्नच आला, "कॉलेजात आपल्याबरोबर कोणकोण पोरं असायची?"

सुफियानं सायबर कॅफेतूनच मेहकच्या घरी फोन लावला.

"तू आत्ता ऑर्कुटवर हाईस?"

"न्हाई गं. मुजीबनं पासवर्ड घेतलाय. म्हणाला, लग्नाआधी लपवायचं काय?"

सुफियानं तो प्रश्न वाचून दाखवला. मेहक म्हणाली,

"थांब, अब्बांना बोलावते. त्यांना पुन्हा वाचून दाखव."