नेहमीचे बूट

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि पायाच्या अंगठ्याच्या हाडातले दोन स्क्रू दाखवले. म्हणाले, "हाड छान जुळलंय. उद्यापासून नेहमीचे बूट घाला. रुंद घ्या, टाच नको."

"आणि कामावर?" कटरबाईंनी विचारलं.

"जा की. जमेल तसं करा."

जमेल तसं करायचं ते काम नव्हतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटरबाई अठ्ठावीस वर्षं कापड कापत होत्या. टेबलावर कापडाचे थर पसरायचे, खडूनं आखायचं आणि कापायचं, सगळं उभ्यानं. उभं राहून राहूनच उजव्या अंगठ्याचं हाड बाहेर आलं, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर म्हणत, ते तुमच्या अंगातच होतं. असो. शेवटी ऑपरेशन झालं आणि नऊ आठवडे पायात तो पट्ट्यांचा, पाटासारख्या तळाचा बूट आला.

दिसायला तो भयंकर होता, पण बाईंना काही बोलावं लागत नसे, तो बूटच बोलायचा. बसमध्ये लोक उठून जागा द्यायचे. जन्मात स्वतःचं पाणी न घेतलेला नवरा भांडी घासायला लागला. साबण राहायचा, पण घासायचा. एक्क्याऐंशी वर्षांच्या सासूबाई त्यांच्या बरोबरीनं गल्लीच्या टोकापर्यंत चालायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्यामुळं मला तरी कुणी हळूबाई म्हणत नाही."

सोमवारी सकाळी बाईंनी नवे काळे बूट घातले. नाडी बांधताना अंगठ्याखाली काहीतरी आवळल्यासारखं झालं. नवऱ्यानं पाहिलं आणि म्हणाला, "झालं, सुटलो एकदाचे." भांडी तशीच ठेवून तो आंघोळीला गेला.

"दुखतंय का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

बसमध्ये कुणी उठलं नाही. उठावं तरी का? पायात तर नेहमीचे बूट होते.

कारखान्यात मात्र सगळ्यांना आनंद झाला. काजं-बटणं करणारी, जिला सगळे 'रेडिओ' म्हणत, ती लांबूनच म्हणाली, "आल्या आमच्या बाई. नव्या पोरीनं नऊ आठवडे निळ्या चड्ड्या कापल्या, एक पाय लांब, एक आखूड." नवी पोर हसली. बाईही हसल्या आणि टेबलाशी उभ्या राहिल्या.

अकरापर्यंत निभलं. मग पाय आपला नाही, कुणाचा तरी उसना आणलाय असं वाटू लागलं. बाईंनी भार डाव्या पायावर टाकला, थोड्या वेळानं डावी कंबर धरली. जेवणाच्या सुट्टीत टेबलाखाली त्यांनी उजवा बूट हळूच काढला. किती बरं वाटलं. सुट्टी संपल्यावर मात्र पाय आत जाईना. नाडी पूर्ण सोडली, बुटाची जीभ बाहेर ओढली, टाच दाबली, तरी जाईना. शेवटी त्या मोज्यावरच उभ्या राहिल्या.

सुपरवायझरच्या ते लगेच नजरेत आलं. टेबलाजवळ अनवाणी उभं राहायला बंदी होती. कात्री पडली तर थेट पायावर.

"बाई, बूट घाला."

"जात नाही पायात."

"मग कसं करायचं?"

ही सुपरवायझर चौदा वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली कापायला शिकली होती. तेव्हा तिला सातवा महिना होता. एकदा तिनं विचारलं होतं, "बाई, एखादं स्टूल घेऊ का?" बाई म्हणाल्या होत्या, "बसून कापलं की हात आखूड पडतो, कापड वाया जातं. उभं राहवत नसेल तर बटणं लाव." बाळंतपणाच्या रजेपर्यंत ती उभ्यानंच कापत राहिली. त्या गोष्टीचा पुन्हा कधी विषय निघाला नाही.

"मला बसायला काहीतरी हवंय," बाई म्हणाल्या.

"हात आखूड पडेल," सुपरवायझर म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. नियम सांगावा तसं ती म्हणाली.

"पडेल. तेव्हा तुझाही पडला असता. तरी मी तुला बसू द्यायला हवं होतं."

सुपरवायझर टेबलावरच्या खडूच्या रेघेकडे बघत राहिली. "पाय इतके सुजायचे तेव्हा," ती म्हणाली, "की घरून येताना मी नवऱ्याच्या चपला घालून यायचे."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"दिसत होतं ना. रोज दिसत होतं."

सुपरवायझर हातातली वही मिटून निघून गेली. बाईंना वाटलं, आता घरीच पाठवतील. तसं झालं असतं तरी त्यांना वाईट वाटलं नसतं, इतक्या त्या दमल्या होत्या.

अर्ध्या तासानं सुपरवायझर पॅकिंगमधलं उंच स्टूल स्वतः उचलून घेऊन आली.

"सकाळी उभ्या राहा, दुपारी बसा. मोठे थर नव्या पोरीकडे द्या, तुम्ही कॉलर आणि खिसे कापा. आणि उद्यापासून एक मोठी चप्पल आणून ठेवा, पुढून बंद असलेली." एवढं बोलून ती वळली.

कॉलर आणि खिसे म्हणजे पहिल्या महिन्यातल्या पोरींचं काम. रेडिओनं मान वर केली. "बाई, तुम्ही कॉलर कापताय?"

"कुणीतरी कापायलाच हव्यात."

हात खरंच आखूड पडत होता. पहिल्या तीन कॉलर वाकड्या गेल्या. चौथी जरा बरी आली.

संध्याकाळी त्या नाडी सोडलेला बूट फरफटत घरी पोचल्या. नवरा खुर्चीत बसला होता. त्यांनी पाय समोरच्या खुर्चीवर ठेवला आणि मोजा काढून दाखवला. अंगठा वांग्यासारखा झाला होता.

"अहो, बूट बदललाय, पाय नाही. अजून महिनाभर तरी भांडी तुमचीच."

नवरा पायाकडे बघत राहिला. "मला वाटलं, झालं आता."

"मलाही तसंच वाटलं होतं."

पुढचे आठवडे असेच गेले. कधी बूट बारापर्यंत पायात राहिला, कधी दोनपर्यंत, एकदा तर दहालाच काढावा लागला. सुपरवायझर कामापुरतं बोलायची, आधीसारखंच. एका दुपारी बाईंनी तिला विचारलं, "पोरगी कितवीत गेली गं?" चौदा वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं. "नववीत," ती म्हणाली आणि थोडं थांबून पुढे म्हणाली, "चित्रं बरी काढते."

सहाव्या आठवड्यात एका गुरुवारी बाईंनी दिवसभर दोन्ही बूट पायात ठेवले. कुणाच्या लक्षात आलं नाही. काम सुटल्यावर त्या बसस्टॉपपर्यंत चालल्या, कठड्याला टेकल्या आणि डोळे मिटून बसची वाट बघत उभ्या राहिल्या.