अडचण नसल्याचं पत्र

भगीरथने करारावर बत्तीस सह्या केल्या त्या उभ्याउभ्या, किन्हवलीमार्गे मुरबाडला जाणारी एसटी सुटेल म्हणून. पानं बत्तीस होती. त्यातलं पहिलं त्याने वाचलं, कारण त्यावर त्याचं नाव होतं आणि ते बरोबर लिहिलेलं होतं. बाकीची पानं खात्याची होती. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत, एवढे संस्कार त्याच्यावर होते.

वीस वर्षं तो मुरबाड तालुक्यात लोकांच्या कामांवर मुकादम होता. अठ्ठ्याण्णव साली त्याने ठेकेदार म्हणून स्वतःच्या नावाची नोंदणी केली, आणि पुढच्या जानेवारीत पहिलं काम हाती आलं. ऐनाचीवाडीच्या ओहोळावर साकव बांधायचा. साकव म्हणजे माणसं आणि फार तर एक बैल जाईल एवढा पूल. पावसात ओहोळ फुगला की वाडी पलीकडे, आणि रेशनचं दुकान, दवाखाना, शाळा अलीकडे. चार महिने दोघांची भेट नाही.

करार घरी आला तेव्हा धाऊमामा आलेले होते. हे भगीरथच्या बायकोचे, मैनाचे मामा. शहापूरला राहायचे. आयुष्य बारनिशीत गेलं. बारनिशी म्हणजे ऑफिसात आलेला-गेलेला कागद जिथे वहीत चढतो आणि शिक्का खातो ते टेबल. निवृत्त झाल्यावर ते ओळखीच्या ठेकेदारांच्या फायली सांभाळत. फुकट. शिक्क्याचा आवाज कानावर पडल्याशिवाय त्यांना दुपारची झोप लागत नसे.

मामांनी चष्मा लावला आणि थेट अकरावं पान काढलं.

"मुदत एकतीस मे. स्लॅब टाकला की काम पूर्ण धरणार. वाचलंस?"

"नाय. पण माहीत हाय. होईल की."

"नाही झालं तर?"

"चार दिस इकडं-तिकडं होतातच, मामा."

"चार दिवस नाहीत. चार दिवस उशीर, आणि मुदतवाढ मंजूर नाही, तर नोंदणी रद्द. नाव काळ्या यादीत. तुझी सही आहे खाली. झोकात केलीयस."

भगीरथच्या हातातला चहा तिथेच थांबला. वीस वर्षांनी स्वतःचं नाव कागदावर आलं होतं, आणि ते खोडायची सोयही त्याच कागदात होती.

"मंग करू काय?"

"पुढचं कलम बघ. काही अडचण आली, तर पंधरा दिवसांत लेखी कळवायचं. कळवलंस तर ती अडचण. नाही कळवलंस तर तो तुझा हलगर्जीपणा. अडचण तीच असते रे, फरक शिक्क्याचा."

त्या दिवसापासून भगीरथला बसवेना. जेवताना तो मध्येच उठून फाईल बघून यायचा. मैना म्हणाली, "अवो, ती काय दूध हाय का उतू जायाला?"

काम सुरू झालं, आणि अडचणींना तोटा नव्हता. रेतीची गाडी दोन दिवस उशिरा आली, पत्र. पायाच्या खड्ड्यात वाडीतली म्हैस उतरली आणि दुपारपर्यंत निघाली नाही, पत्र. मिस्त्रीच्या मेव्हणीचं लग्न लागलं, पत्र, सोबत पत्रिका जोडली. प्रत्येक पत्र मामा तोंडी सांगायचे, भगीरथ लिहायचा आणि दोघं शहापूरच्या ऑफिसात शिक्का घ्यायला जायचे. ऑफिसचं नाव सांगत नाही. तिथली माणसं चांगली होती, त्यांनी एकाही पत्राला उत्तर देऊन कोणाला दुखावलं नाही.

मुरबाडहून शहापूरला जाऊन यायचं म्हणजे दिवस जायचा. काम हळू चाललंय हे कळवायला ठेकेदार जायचा, आणि ठेकेदार गेल्यामुळे काम हळू चालायचं. मग त्याचं पत्र लिहावं लागायचं. त्यात कारण मात्र दुसरं घालावं लागे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोडा आला. मोडा म्हणजे देवीच्या नावाने पाळायचा दिवस. त्या दिवशी वाडीत कोणी जमिनीला हत्यार लावत नाही. वाडीतल्या जाणत्यांनी ठरवलं, यंदा पाच मंगळवार मोडा. निरोप घेऊन बुधूबाबा आले. वाडीतला पंच, साठीचा माणूस, बोलायच्या आधी तंबाखू मळून संपवणारा.

"शेठ, मंगळवारी कुदळ नाय लावायची."

"बुधूबाबा, माजी मुदत हाय."

"देवीला नाय सांगितलीस तू. आमाला इचारून सही केली असतीस, तर सांगितलं असतं."

भगीरथ धावत मामांकडे गेला, तर मामा खुलले. "ही खरी अडचण! म्हैस कुठे आणि देवी कुठे! पण पुरावा लागेल. ज्या दिवशी मोडा, त्याच दिवसाच्या तारखेचा, पंचाच्या अंगठ्यासकट दाखला."

मंगळवारी भगीरथ शाईचा डबा घेऊन वाडीवर हजर. बुधूबाबा ओट्यावर बसलेले.

"अंगठा द्या, बाबा. आज काम बंद हाय म्हणून."

"आज काम बंद हाय."

"तेच लिवलंय."

"तेच सांगतो मी. आज अंगठा नाय."

"अवो, अंगठा म्हणजे काय काम हाय का?"

"मंग तू एवढ्या उन्हात मुरबाडवरून काय खेळायला आलास?"

ओट्याच्या कोपऱ्यात त्यांची सून सोमी तांदूळ निवडत होती. ती पदरात तोंड घालून हसली. "शेठ, उद्या या. उद्या दोनी हातांचे घ्या."

बुधवारी दाखला झाला. 'कालच्या दिवशी मोडा होता' असा. पाच मंगळवारांचे पाच दाखले झाले आणि अकरा मे रोजी मोडा संपला. मधल्या दिवसांत मात्र वाडीची माणसं राबत होती. भगीरथ फायलीत गुंतलेला. पण पाया वर आला, दोन्ही काठांच्या भिंती उभ्या राहिल्या. दोन मिस्त्री आणि वाडीची पंधरा-वीस माणसं, कोणी कोणाला काही न कळवता बांधत होती.

एकोणीस मेला ऑफिसचं पहिलंवहिलं उत्तर आलं. मामांनी ते दोन्ही हातांनी धरलं. "स्थानिक धार्मिक प्रथेमुळे दिनांक तेरा एप्रिल ते सतरा मे असे पाच आठवडे काम पूर्णपणे बंद राहिल्याचे दिसून येते. सबब पस्तीस दिवसांची मुदतवाढ मंजूर. पाच जुलै!"

"पाच आठवडे?" भगीरथ म्हणाला. "पाच मंगळवार व्हते, मामा."

"एका मंगळवारचा एक आठवडा धरलाय. कोणीतरी उदार मनाने हिशोब केलाय. देवीची कृपा म्हण आणि गप्प बस."

भगीरथ त्या दुपारी घोरत झोपला. जानेवारीपासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी डेप्युटी साहेब मोजमाप घ्यायला साइटवर आले. हे खात्याचे उपअभियंता, सरळ मनुष्य, हातात मोजमाप वही. ते भिंतीवर चढले, टाचेने ठोकून पाहिलं, खाली उतरले आणि वही मिटली.

"भगीरथ, ह्या भिंती कधी बांधल्यास?"

"एप्रिल-मेमध्ये, साहेब."

"तेव्हा काम बंद होतं. माझ्याच सहीचं पत्र आहे. बंद कामाचं मोजमाप मी कसं लिहू?"

"पन भिंत समोर हाय."

"आहे ना. चांगली आहे. पण ही असू शकत नाही. भिंत खरी धरली तर तुझी अडचण खोटी. अडचण खरी धरली तर भिंत सतरा मेनंतरची, म्हणजे तीन दिवसांत बांधलेली. तसली भिंत मला पाडावी लागेल."

"पाडून?"

"पुन्हा बांध. पाच जुलैपर्यंत वेळ आहे तुला."

पाच जुलैला ओहोळात पुरुषभर पाणी असतं. हे साहेबांना माहीत होतं, भगीरथला माहीत होतं, आणि मागे उभ्या असलेल्या बुधूबाबांना तर दोघांपेक्षा जास्त माहीत होतं. बाबांनी फक्त विचारलं, "म्हंजी यंदा बी पोरं शाळेत नाय जायाची?"

साहेबांनी गाडीकडे जाता जाता सांगितलं, "मुदतवाढ परत दे, लेखी. मग भिंती मोजतो. पण मग मुदत एकतीस मे. अकरा दिवस."

मामांचं मत ठाम होतं. "पत्र सोडायचं नाही. मंजूर मुदतवाढ परत करणारा माणूस मी तीस वर्षांत पाहिला नाही. भिंत पडली तर पडू दे, पुढे ओहोळाच्या पुराचं पत्र देऊ, नाव तर राहील ना!"

भगीरथ अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. पत्र ठेवलं तर नाव शाबूत, साकव नाही. पत्र परत दिलं तर साकव होईलही, आणि नाही झाला तर नाव गेलं, आणि ह्या वेळी हातात एकही कागद नाही. मैनाने सूप आपटलं. "बसा नायतर जावा. अंगण झिजलं."

तो गेला. एकवीस मे, शुक्रवार. बारनिशीच्या टेबलावर आता कमळबाई होत्या, मामांच्या हाताखाली तयार झालेल्या.

"अडचण काय?" त्यांनी सवयीने विचारलं.

"अडचण नाय."

"मग पत्र कसलं?"

"अडचण नाय, याचंच."

त्यांनी वही उलटी-सुलटी केली. "असा रकानाच नाही हो. मुदतवाढ परत करताय, तर कारण लागेल. आधी अडचण होती म्हणालात. आता नाही. मग काम मागे कशाने राहिलं? काहीतरी लिहा."

भगीरथने पेन घेतलं. मामा सोबत नव्हते, सांगणारं कोणी नव्हतं. मग त्याने लिहिलं: 'मोडा फक्त पाच दिवस होता. काम मागे राहिले कारण ठेकेदार स्वतः एकोणीस दिवस या ऑफिसात अडचणी कळवत होता. बाकी कामावर कोणाची हरकत नाही.' खाली सही.

कमळबाईंनी ते दोनदा वाचलं. "हे तुमच्याच अंगावर येईल हो, भाऊ. एकतीस तारीख हुकली ना, तर हलगर्जीपणा वेगळा शोधायला नको. तुमच्या अक्षरात आहे."

"माहीत हाय. मारा शिक्का."

शिक्का बसला. एरवी तो आवाज ऐकून त्याला बरं वाटायचं.

पुढचे आठ दिवस भगीरथ मुरबाडलासुद्धा गेला नाही. फळ्या ठोकल्या, सळई बांधली, रात्री झोपला तर खडीच्या ढिगावर. झोपला म्हणणंही जास्तच. साहेबांनी भिंती मोजल्या, सळई तपासली आणि एकोणतीस तारखेला शनिवारी स्लॅब टाकायला परवानगी दिली.

स्लॅब एकदा सुरू केला की थांबवता येत नाही. मिक्सर वाटेवर चढत नव्हता; माल हाताने कालवायचा आणि घमेल्यांनी वर चढवायचा. वाडीची चाळीस माणसं रांगेत उभी राहिली. बुधूबाबा पाण्यावर. सोमी आणि चार बायका रेतीवर. साहेब छत्री घेऊन कडेला. दुपारी अर्धा स्लॅब झाला तेव्हा माळशेजच्या बाजूने आभाळ काळं झालं.

आणि वाटेने धाऊमामा धापा टाकत आले. बगलेत फाईल.

"भगीरथ! थांब. मी लिहून आणलंय. ढग आले, हवामान प्रतिकूल. साहेब इथेच आहेत, हातोहात पोच घेऊ. तू सही कर फक्त."

"मामा, बाजूला व्हा. रांग तुटते."

"अरे पाऊस पडला तर धुऊन जाईल सगळं! हातात काहीतरी नको का?"

"हाय की. घ्या." भगीरथने भरलेलं घमेलं त्यांच्या हातात ठेवलं.

मामा क्षणभर तसेच उभे राहिले. आयुष्यभर हातात आलेली प्रत्येक वस्तू त्यांनी आधी वहीत चढवली होती. मागून सोमी ओरडली, "मामा, पुढं द्या! तुमच्याकडंच मुक्काम करायचा काय त्यानं?" मामांनी पुढे दिलं. लगेच दुसरं आलं. फाईल बगलेतून निसटून मातीत पडली. उचलायला हात रिकामा नव्हता आणि रिकामा होतही नव्हता.

साडेचारला शेवटचं घमेलं पडलं. मिस्त्रीने थापी फिरवली, वाडीने घराघरांतली पेंढ्याची आणि ताडपत्रीची पांघरुणं आणून स्लॅबवर टाकली. पाचला चार टिपं पडली आणि आभाळ दुसरीकडे गेलं.

सोमवारी, एकतीस मेला, साहेबांनी टेप लावून लांबी-रुंदी लिहिली. खाली लिहिलं, काम मुदतीत पूर्ण. भगीरथ वाकून बघत होता.

"साहेब, म्हंजी मी सुटलो?"

"नावाला धक्का नाही. पण तीन वर्षांत तडा गेला, तर तुझी जबाबदारी. सतरावं पान."

स्लॅबच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भगीरथ हळूहळू, नजर खाली घालून चालत गेला, तसाच परत आला, आणि पुन्हा निघाला. बुधूबाबांनी पलीकडून हाक मारली, "शेठ, झिजवतोस का काय नवा साकव? पाणी मार त्याला, ऊन लागलंय."

ओहोळाच्या डबक्यात थोडं पाणी होतं. भगीरथने हंडा बुडवला. एकवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं होतं, आणि ते कोणालाही कळवायचं नव्हतं.