तीन लाखांच्या वरचं दुखणं

दत्तात्रेय मास्तरांनी जन्मभर पालीच्या शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्त होऊन रत्नागिरीत राहायला आल्यावर ते सगळ्या आळीला आरोग्य विमा शिकवू लागले. इतरांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला साठ हजार, मास्तरांचा एकोणीस. अट एवढीच, की वर्षातल्या उपचारांच्या खर्चाचे पहिले तीन लाख आपल्या खिशातून, त्यावरचं कंपनीकडून. "लहान दुखणं आपलं, मोठं कंपनीचं," असं ते बायकोला, उल्काताईंना, पुन्हा पुन्हा समजावत. त्या पहिल्या तीन लाखांसाठी बँकेत वेगळी ठेवही ठेवली होती. हिशेब चोख होता, त्यात खोट काढायची कुणाची टाप नव्हती.

पण ठेव असणं वेगळं आणि ती मोडणं वेगळं. दोन वर्षांपूर्वी उल्काताईंच्या मोतीबिंदूला पंचेचाळीस हजार लागले, तेव्हा मास्तरांच्या अगदी जिवावर आलं. आठ दिवस धुसफुसत होते. "हप्ता भरा नि वर हेही भरा! कंपनीची एक दमडी नाही!" उल्काताई मुकाट्याने डोळ्यांत थेंब घालत राहिल्या.

यंदा मे महिन्यात मुलगी वैदेही पुण्याहून आली. धुवायला टाकलेल्या आईच्या ब्लाउजवर तिला रक्ताचा डाग दिसला, आणि चार दिवसांत सगळे कोल्हापूरच्या इस्पितळात होते. छातीतल्या गाठीच्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेतलं.

"फार उशीर केलात. आठ-नऊ महिन्यांपूर्वी आणलं असतं तर छोट्या ऑपरेशनात भागलं असतं. आता हाडांत पसरलंय. दिवस वाढवता येतील, इतकंच."

मास्तर खोलीत आले ते रागानेच.

"गाठ कधीपासून आहे?"

"गेल्या गणपतीपासून," उल्काताई म्हणाल्या. "तेव्हा करवंदाएवढी होती हो."

"आणि बोलली नाहीस?"

"एवढ्याशा गाठीला तीन लाख कुठचे लागायला? पन्नास-साठ हजार गेले असते, तेही आपलेच. परत तुमची चिडचिड. म्हटलं, मेली व्हायचीच आहे तर होऊ दे मोठी, मग कंपनी बघेल."

हे त्या अगदी सहज बोलल्या, दुधाचा रतीब वाढवल्याचं सांगावं तशा. मास्तर खुर्चीत बसले. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की बायकोकडे बघवेना. पोरांना उणे-अधिक शिकवता शिकवता आपण घरात काय शिकवून ठेवलं, हे त्यांना आज कळत होतं.

ऑपरेशन झालं, औषधं सुरू झाली. श्रावणात मास्तरांच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. पाच लाख बारा हजारांपैकी वरचे दोन लाख बारा हजार मंजूर, एक रुपयाही कापलेला नाही. डॉक्टर काय म्हणाले ते उल्काताईंना अजून कुणी सांगितलं नव्हतं. डोक्याला पंचा गुंडाळून त्या पडवीत बसल्या होत्या.

"आले का हो पैसे?"

"आले."

"वरचे सगळे?"

"सगळे."

कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. "बघा! लोक मागून उगाच नावं ठेवत होते. तुमचं गणित कधी चुकायचं नाही."

चुकलं गं, साफ चुकलं, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं. पण उल्काताई इतक्या कौतुकाने त्यांच्याकडे बघत होत्या, की त्यांना नुसती मान हलवावी लागली.