संकेतनाथांची चार पानं

परतवाड्याहून डोंगराकडे निघालेली जीप एका वळणावर आली की सगळ्यांचे फोन मुके होतात. त्या वळणापलीकडे, जिथं साधा मिस्ड कॉलही पोचत नाही, तिथं दर गुरुवारी देव मोबाईलवर उत्तर देतो अशी बातमी सगळीकडे झाली होती. अचलपूरहून एसटीनं, मोर्शीकडून गाड्या करून लोक येत होते. टिनाच्या शेडखाली, पोटाशी लेकरं आणि हातात मोबाईल धरून, माणसांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती.

त्या रांगेत गीतांजली उभी होती. परतवाड्याच्या शाळेत ती मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. पुढं फुलांची शेती करणारा तिचा धाकटा भाऊ कुंदन होता, त्याच्याजवळ त्याची मुलगी खुशी. कर्ण्यातून निवेदकाचा आवाज अखंड वाहत होता.

"भक्तहो, इथं टावर नाही, केबल नाही. टूजी झालं, फोरजी झालं, फायजी आलं. पण सगळ्यात वर एकच जी, गुरुजी. संकेतनाथ महाराजांचा संकेत ब्रह्मांडातून येते, त्याले रिचार्ज लागत नाही."

लोक हसले, टाळ्या पडल्या. गीतांजलीला हसू आलं नाही. तिला बसायला जागा हवी होती. असले बाबा तिनं आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. लिंबातून रक्त काढणारे झाले, गुप्तधन दाखवणारे झाले, आता हे. एक पकडला की दुसरा नवं यंत्र घेऊन हजर. आपण कुठवर पुरे पडायचं, असं तिला अलीकडे खरोखर वाटू लागलं होतं. कुणा दुसऱ्याची गोष्ट असती तर ती आलीही नसती.

पण गोष्ट खुशीची होती. पोरीला मिरगीचे झटके यायचे. अमरावतीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते दोन वर्षं थांबले होते. मग महाराजांच्या संकेतानं कुंदननं गोळ्या बंद केल्या. परवा खुशी फुलं निवडता निवडता कोसळली, पुढचा दात तुटला. विहीर तिथून हाकेच्या अंतरावर होती. कुंदनची बायको दामिनी हिनं रडत रडत नणंदेला फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "ताई, पुढच्या बारीले विहिरीकाठी पडली तं मी काय करू?"

रांग सरकली. दाराशी, जिच्यातून महाराजांचा संकेत निघतो म्हणत त्या शिळेजवळ, भगव्या झब्ब्यातला सेवक होता.

"कोनाले तरास हाये?"

"पोरीले," कुंदन हात जोडून म्हणाला.

सेवकानं टोपलीतलं झेंडूचं फूल काढून त्याच्या हातावर ठेवलं. मग त्याचा फोन घेतला. "शुद्ध करून देतो. दुसरा संकेत मधात नाही आला पायजे." त्यानं विमानाचं चिन्ह दाबलं, वायफाय चालू केलं, दोनचार ठिकाणी बोट फिरवलं आणि फोन परत दिला. पडद्यावर महाराजांचा फोटो, खाली चार फुलं: झेंडू, शेवंती, गुलाब, निशिगंध. कुंदननं डोळे मिटून झेंडूवर बोट ठेवलं. क्षणात पान उघडलं.

'बाळा, तुझ्या लेकराच्या अंगात औषधाचं विष साचलं आहे. औषध बंद ठेव. माझा अंगारा दे. शंका घेऊ नको.'

"पाय ताई," कुंदननं फोन तिच्यापुढं धरला. "तूच पाय. शिम बंद हाये. कुठून आलं हे?"

गीतांजलीनं फोन हातात घेतला. तिची नजर मजकुरावर नव्हती, त्याच्या वरच्या बारीक पट्टीवर होती. तिथं टिंबांनी तोडलेले आकडे होते आणि त्यापुढं इंग्रजीत 'झेंडू' लिहिलेलं होतं. जवळच्याच कॉम्प्युटरचा पत्ता म्हणून हे आकडे ती दरवर्षी नववीच्या पोरांना फळ्यावर लिहून देत असे. तिनं 'झेंडू' पुसून 'मोगरा' टाइप केलं.

पडदा पांढरा झाला. वर इंग्रजीत एकच ओळ आली: फाइल नॉट फाऊंड.

"हे काय आलं?" मागची बाई घाबरून म्हणाली.

"महाराज इंग्रजीत बोलले," गीतांजली म्हणाली.

सेवकानं फोन ओढून घेतला. "बाईच्या मनात शंका हाये म्हून संकेत तुटला. चला, पुढं चला, मांगं लेकरंबाळं उभी हायेत."

वळणाच्या अलीकडच्या आपल्या घरी आल्यावर कुंदननं तिच्याशी बोलणंच टाकलं. चहा आला, तो थंड झाला. शेवटी तोच म्हणाला, "तुले सगळं खोटंच दिसते. शिकलेल्या मानसाची हेच आफत हाये. टावर नाही, शिम नाही, तरी आलं. मंग कोनं पाठवलं? मोबाईलवर आलं ते वरूनच येते ना?"

हा प्रश्न तिला उडवून लावता आला नाही. कारण त्याची चूक साधी होती आणि तशी रास्तही होती. त्याच्या फोनवर आजवर जे जे आलं, ते टॉवरवरून आलं होतं. बाजारभाव, पावसाचा अंदाज, लग्नाच्या पत्रिका. टॉवर नसतानाही आलं, म्हणजे पाठवणारा टॉवरपेक्षा उंच असला पाहिजे, असा त्याचा हिशेब होता. पलीकडच्या खोलीतूनही काही येऊ शकतं, हे त्याला कधी कुणी दाखवलंच नव्हतं.

निघताना दामिनी तिच्यासोबत फाट्यापर्यंत आली. जीप लांबून दिसली तेव्हा हळूच म्हणाली, "ताई, तुमाले येते ना तसं पान बनवता? त्याच्यात लिवा ना, गोळ्या सुरू कर म्हून. खाली महाराजांचं नाव टाका. ह्याईले काय समजते. माह्या पोरीचा जीव तं वाचन."

जीपमध्ये बसल्यावर गीतांजलीला वाटलं, यात वाईट काय आहे?

शनिवारी शाळा सुटल्यावर तिनं खरोखरच ते पान केलं. महाराजांचा फोटो, झेंडूचं चित्र आणि खाली, 'बाळा, विष उतरलं. गोळ्या सुरू कर.' अर्ध्या तासाचंही काम नव्हतं. कुंदननं ते डोक्याला लावलं असतं. दमलेल्या माणसाला खोटं फार सोयीचं वाटतं आणि ती दमली होती. पण पडद्याकडे बघता बघता तिला पुढचा गुरुवार दिसला. त्या दिवशी शिळेतून दुसरा हुकूम निघेल. मग ती आणखी एक पान करणार, की जन्मभर महाराजांशी पानांची शर्यत लावणार? कुंदन तेव्हाही फोनकडेच बघत राहील. तिला स्वतःची लाज वाटली. तिनं मजकूर पुसला आणि फोल्डर रिकामं ठेवून झोपायला गेली.

रविवारी सकाळी ती लॅपटॉप आणि शाळेतला एक जुना राउटर घेऊन भावाच्या ओसरीवर हजर झाली. शेजारचे शेषराव, गावात ज्यांच्या शब्दाला मान होता ते, फुलांच्या टोपल्यांच्या बाजूला बाजेवर बसले होते. तिनं राउटरची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये लावली.

"याले इंटरनेट नाही," ती म्हणाली. "हा निस्ता या घरापुरता रस्ता हाये. लॅपटॉप आन तुमचे फोन एका गल्लीत आनते, बस. कुंदन, इकडं ये. तूच कर सगळं. मी हात लावत नाही."

"मले काय येते?"

"महाराजांच्या सेवकाले येते तेवढं तुले येईन."

कुंदन कुरकुरत बसला. तिनं सांगितलं तसं त्यानं एक फोल्डर उघडलं, त्यात एक कोरं पान ठेवलं. "यात लिही. जे मनात येईन ते."

त्यानं बाजेवरच्या शेषरावांकडे पाहिलं. मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यानं लिहिलं, 'शेषरावकाका, आज अंघोळ करा.'

"आता मी सांगते ती एक ओळ लिही आन एंटर दाब." काळ्या खिडकीत त्यानं ती ओळ टाकली. खिडकी नुसतीच उघडी राहिली, काही झाल्यासारखं दिसलं नाही. "झालं. तुहा सर्व्हर सुरू झाला. काका, तुमच्या फोनचं विमान दाबा. आता वायफाय लावा. हे आकडे टाका."

शेषरावांनी चष्मा नाकावर चढवून आकडे टाकले. वाचलं आणि फोन डोळ्यांपासून लांब धरला. "हे कोनं लिवलं बे?"

दामिनी तोंडाला पदर लावून हसू लागली. तिच्याही फोनवर तेच आलं, कुंदनच्याही. कुंदन मात्र हसला नाही. तो पुन्हा पुन्हा लॅपटॉपकडे आणि फोनांकडे बघत होता.

शेषराव थोड्या वेळानं गंभीरपणे म्हणाले, "गीताबाई, तुमच्या हातात बी शक्ती हाये म्हना."

तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. "काका, माह्या हातात काही नाही. बटन कुंदननं दाबलं." तिनं राउटरची वायर उपटली. "आता पुन्हा उघडा."

पान उघडलं नाही.

"ब्रह्मांड तं जागेवरच हाये," ती म्हणाली. "निस्ती वायर निघाली."

तिनं वायर परत लावली आणि खाली टेकली. "पंगतीत वाढपी असते पाहा. तुमी भात मांगला तं भात वाढते, वरन मांगलं तं वरन. तुमी कोन, तुमाले पथ्य काय, हे तो इचारत नाही. तो रांधतही नाही. बादलीत जे भरून देल्लं तेच वाढते. बादलीत नसलं तं नाही म्हनते. हा सर्व्हर तसा वाढपी हाये. मी मोगरा मांगतला, त्यानं नाही म्हनलं. कारन महाराजांच्या बादलीत मोगरा भरलाच नाही. शिळेखाली असाच एखादा डब्बा असन. चार फुलांची चार पानं, कोनंतरी बसून लिवलेली. तुह्या खुशीची बिमारी आन दुसऱ्याच्या लेकराचा खोकला, दोघाईले झेंडू. दोघाईले एकच पान."

कुंदननं टोपलीतला एक झेंडू उचलला, त्याच्या पाकळ्या उगाच विस्कटल्या.

"फुलं मीच देतो ना तिथी," तो हळू बोलला. "चारच जातीची सांगतात. झेंडू लेकराईले, शेवंती बाया लोकाईले, गुलाब नोकरीवाल्याले, निशिगंध म्हाताऱ्याले. मी म्हनो, देवाले माहीच फुलं पसंत पडली." त्यानं हातातला झेंडू उलटा करून पाहिला. "मांगं पावसानं झेंडू सडला. मी नाही नेला. त्या गुरुवारी लेकरंवाल्याईले सगळ्याईले वापस धाडलं. म्हने आज लेकराईचा संकेत नाही. मी तिथीच उभा होतो, ताई. मले वाटलं महाराज रुसले."

"काहून रुसतीन?" गीतांजलीनं विचारलं.

"झेंडूच नव्हता," कुंदन म्हणाला. "बस झेंडू नव्हता."

त्यानं हातातलं फूल खाली टाकलं. मग आत जाऊन गोळ्यांची पिशवी आणली आणि पाण्याचा तांब्या भरला. गीतांजलीनं त्याचा हात धरला.

"आपल्या मनानं बंद केल्या तशा आपल्या मनानं सुरू नको करू. किती द्याच्या ते डॉक्टरले इचारू. उद्याच चाल. तोवर तिले विहिरीकडं एकटी सोडू नका."

दुसऱ्या दिवशी ते अमरावतीला गेले. डॉक्टर प्राजक्ताबाईंनी खुशीला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. शेवटचा झटका कधी आला? आधी काही जाणवलं का? झोप किती होते? शाळेत काय करते? वजन केलं, डोळ्यांत बॅटरी मारली, तुटलेला दात पाहिला. गोळ्या कधीपासून थांबल्या हे कुंदनला विचारलं आणि त्यानं मान खाली घालून सांगितल्यावर त्या रागावल्याही. बऱ्याच वेळानं त्यांनी नव्यानं गोळ्या लिहून दिल्या.

बाहेर बाकावर येऊन कुंदन बसला. खुशीनं दवाखान्याच्या नळावरून पाणी आणलं आणि गोळी गिळली. तो तिच्याकडे बघत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "त्या पानानं हिचं नाव बी इचारलं नव्हतं."

गीतांजलीला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. एक घर सावरलं होतं. येत्या गुरुवारी शेडखाली पुन्हा रांग लागणार होती, हे तिला माहीत होतं.

त्या रांगेतल्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे. फोनवर जे दिसतं ते वरून आलेलं नसतं, ते कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. कुणी लिहिलं ते विचारा. आणि तुमच्याबद्दल एकही प्रश्न न विचारता जो उत्तर देतो, त्याचं उत्तर तुमच्यासाठी नसतं. ते घेऊन घरी जाऊ नका. घरी तुमची खुशी असते.