धवलारणीची लेक

पूर्ण्यात कुणाचीही हळद ठरली की पहिला नारळ कमळाआक्काच्या घरी यायचा. आक्का धवलारीण. तिने धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, म्हटल्याशिवाय त्या गावात नवरीच्या अंगाला हळद लागत नसे. धवलारणीला कुणाच्याही माजघरात आडकाठी नसते. कुठली सून रडते, कुठली सासू छळते, सगळं तिच्या कानावर. पण ओठांवर कधी नाही. मान होता तो गळ्याचा कमी आणि त्या मिटलेल्या तोंडाचा जास्त.

आज शेजारच्या रीमाच्या लेकीची, भाविकाची हळद. मांडव आक्काच्या ओट्यावरून दिसत होता. आणि नारळ गेला शेलार गावाला, दुसऱ्या धवलारणीकडे.

हे कुणाचं कर्तृत्व? आक्काच्या लेकीचं. उन्नती मोठमोठ्या नटनट्यांच्या मुलाखती घ्यायची. आधी पेपरात, आता मोबाइलवर. ती समोर बसली की भलेभले पोटातलं ओकतात, म्हणून तिचं नाव. तिची रीत अशी, की आधी आपण गावाघरातलं काहीतरी दुखरं सांगायचं, मग समोरचं माणूस सुटतं. गेल्या आठवड्यात एक नटी काही केल्या सुटेना. तेव्हा उन्नतीने सांगितलं, आमच्या शेजारची सून नवी नवरी असताना कशेळीच्या खाडीत जीव द्यायला गेली होती, माझ्या आईने तिला मागे आणलं, आता तिच्याच लेकीचं लग्न आहे. नटी ढसाढसा रडली. लाखो लोकांनी बघितलं. त्यात रीमाचे व्याहीही होते.

दुपारी उन्नतीची गाडी दारात लागली. हळदीसाठी नवी पिवळी साडी नेसून आली होती.

"आये, तू अजून तयार न्हाय?"

"कशाला? शेलारची बया येतेय गायला. तुला कुणी सांगितलं होतं गं रीमाचं?"

उन्नती दचकली. "तू आजीला सांगत होतीस तेव्हा मी शेजारी झोपले होते."

"झोपेचं सोंग घेऊन ऐकलंस आणि चव्हाट्यावर ओतलंस!"

"मी नाव नाही घेतलं आये."

"पूर्ण्यातली शेजारीण, लेकीचं लग्न. उरलं काय? आधार कार्ड दाखवायचं होतं?"

"शेकडो बायकांनी लिहिलंय मला, हे ऐकून धीर आला म्हणून."

"त्या शेकड्यांचं मला नको सांगू. रीमाला विचारलंस?"

उन्नती नव्या साडीच्या निऱ्या सारख्या करू लागली.

आक्काने पदर खोचला, लेकीचं मनगट धरलं आणि तशीच मांडवाच्या दारात नेली. रीमा बाहेर आली. डोळे सुजलेले. उन्नती पुढे झाली आणि सवयीने, त्याच मऊ आवाजात म्हणाली, "वहिनी, नेमकं काय वाटतंय तुम्हाला? मोकळेपणाने बोला."

"मुस्काट फोडीन!" आक्का ओरडली. "इथेपण मुलाखत?"

मांडवातल्या बाया थबकल्या. रीमाने उन्नतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"व्याही विचारत होते, आईचं डोकं असं, मग पोरीचं कसं," ती आक्काला म्हणाली. "ह्यांनी हातापाया पडून निभावलं. आक्का, तुमच्यामुळे मी जिवंत हाय. तुम्ही आत या, बसा. पण गाऊ नका. आता घरातल्या बायाच तुमच्यासमोर बोलत न्हाईत."

आक्काचा चेहरा काळाठिक्कर पडला. उभ्या गावात तिला गाऊ नको म्हणणारं आजवर कुणी जन्मलं नव्हतं. परत फिरावं, असं एकदा पायांना वाटलं. पण आत पाटावर भाविका बसली होती, आणि ती पोर आक्काच्याच हातावर जन्मली होती.

"बसते," ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. "तू गाडी काढ. रीमा स्वतः तुझ्याशी बोलेल तोवर माझा ओटा चढायचा न्हाय. आणि तिला बोलतं करायला जाऊ नको. तिची मर्जी."

आक्का आत जाऊन बायांच्या मागे, भिंतीशी बसली. शेलारच्या धवलारणीने पहिला धवला उचलला. आक्काला शब्दन् शब्द पाठ होता. तिने तोंडावर पदर दाबला आणि दातांत धरला.