डालग्यातलं आणि गाळ्यातलं

वनखात्याची जीप खारबावला आपल्याच दारात थांबली, तेव्हा पंढरीनाथला आधी बदक आठवलं. मागच्या अंगणात डालग्याखाली हळदी-कुंकू जातीचं रानबदक झाकलेलं होतं. नवा जावई धनेश उद्या जेवायला येणार होता, आणि नव्या जावयाला खाडीचं बदक घालायचं ही घराची जुनी रीत. बदकाला बंदी आली म्हणून रीत काय मोडायची? पण चुगली कुणी केली? शेजारच्या हिरामणनेच. काल जाळं धुताना मेला उगाचच गोड बोलत होता.

बंदी असलेल्या जिवांचा माल इथे आहे अशी खबर असल्याचं वनरक्षकाने सांगितलं. पंढरीनाथने लगबगीने रस्त्याकडचा गाळा दाखवायला घेतला. महिन्यापूर्वीच तो एका मद्रासी माणसाला सुक्या मासळीसाठी दिला होता, कागद न करता, नुसत्या शब्दावर. साहेब तिकडे गुंतला की घरामागचं निस्तरता येईल. जाताना त्याने बायकोला, गुणाबाईला, डोळ्यांनी खूण केली.

कुलूप त्याने आपल्याकडच्या जादा किल्लीने स्वतः काढलं. वनरक्षकाने एक गोण उसवली. आत काळपट, वाळून खडखडीत झालेल्या काकड्यांसारखं काहीतरी होतं. जन्म खाडीवर गेला, बोंबील-करंदी तो वासावरून ओळखायचा. हे मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"समुद्री काकडी. जीव आहे हा. कायद्यात वाघाच्या यादीत बसतो," वनरक्षक म्हणाला. "माल कुणाचा?"

पंढरीनाथला त्या माणसाचं धड नावही सांगता येईना. वनरक्षकाची नजर त्याच्या हातातल्या किल्लीवर खिळली.

"आणि बदक?" पंढरीनाथने घाबरत विचारलं.

"ते फार खालच्या यादीत. का?"

पंढरीनाथला एकदम वाट दिसली. बायकोला केलेली खूण विसरून त्याने साहेबाला जवळजवळ ओढतच मागच्या अंगणात नेलं. "मी बदक लपवलं, साहेब, आन् गाळा हातानं उघडून दिला. आत काय हाय ते ठावं असतं तं असा उघडला असता का?"

वनरक्षकाने डालग्याकडे बोट केलं. पंढरीनाथने डालगं उचललं. खाली नुकती सारवलेली ओली जमीन होती. एक पीसदेखील नव्हतं.

"कुठंय बदक?"

गुणाबाई पदराला हात पुसत दारात आली. "कसलं बदक, साहेब? आमच्याकडं बदक-बिदक काय न्हाय," ती ठामपणे म्हणाली, आणि नवऱ्याला वाचवल्याच्या समाधानाने तिने पंढरीनाथकडे पाहिलं.