डेल्मरची चाळीस काडतुसं

सर्रर्र... आणि शेवटी एक बारीकसं टक्. पितळेच्या शंभर टोप्या माझ्या नळीतून पहिल्यांदा खाली उतरल्या, तो आवाज. बेचाळीस वर्षं झाली त्याला. तेव्हा माझा निळा रंग नवा होता आणि ज्या हाताने ती नळी भरली तोही तरुण होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो, विशेषतः तळघरात कुणी नसतं तेव्हा. आणि बहुतेक वेळा कुणी नसतंच.

मी काडतुसं भरायचं हातयंत्र बोलतोय. मोंटाना राज्यात, डोंगराच्या पायथ्याला ॲन्सेल टॉर्गर्सनचं घर आहे. त्याच्या तळघरातल्या लाकडी बाकावर मला चार बोल्टांनी आवळून बसवलंय. तिथून मी कधी हललो नाही.

माझं काम सोपं आहे. झाडून झालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी माझ्यात ठेवायची आणि दांडा खाली ओढायचा. माझी एक सरकती पट्टी आहे. दांडा पुरता खाली आला की ती मागे नळीखाली जाते आणि एक टोपी उचलते. मसुराच्या दाण्याएवढी असते ती. बंदुकीचा घोडा पडला की ठिणगी तीच देते. मग दांडा वर न्यायचा आणि शेवटी पुढे रेटायचा. तो रेटा मिळाला की टोपी पुंगळीच्या बुडात घट्ट बसते. बारूद आणि गोळी त्यानंतर.

ॲन्सेल लाकडाच्या गिरणीत होता. बोलायला कमी, हाताने नेमका. दर वर्षी सप्टेंबरात तो माझ्यासमोर बसायचा आणि ऐंशी काडतुसं भरायचा. चाळीस स्वतःसाठी, चाळीस डेल्मरसाठी. दोन पत्र्याची खोकी होती. त्यांवर चिकटपट्टी लावून व्हर्नाने, म्हणजे ॲन्सेलच्या बायकोने, नावं लिहिली होती. व्हर्ना जाऊन सहा वर्षं झाली. अक्षर अजून आहे.

डेल्मर क्रूस पलीकडच्या कुरणावरचा गाईगुरांचा मालक. इथली माणसं एक गोष्ट कटाक्षाने पाळतात. दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. तोंडापाशी धरायची वस्तू आहे, भरण चुकली तर फुटूही शकते. चूक कुणाची, हे नंतर विचारून काय उपयोग? पण डेल्मर एकतीस वर्षं ॲन्सेलचीच काडतुसं घालत आला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मी ती मोजूनसुद्धा घेत नाही." ॲन्सेलला याहून मोठं कौतुक कुणी कधी केलं नसेल.

गेल्या साली जानेवारीत ॲन्सेल बर्फावरून घसरला. हातात सरपणाचा भारा होता, सगळा भार उजव्या खांद्यावर आला. तो कुणाला काही म्हणाला नाही. महिनाभर डाव्या हाताने कॉफी ढवळली, एवढंच. जिन्यावरून उतरताना उजवा हात पोटाशी धरलेला असायचा, ते मी पाहिलं.

त्या सप्टेंबरात त्याने मला हात घातला आणि मला लगेच कळलं. दांडा खाली यायचा, पण शेवटचं बोटभर अंतर राहून जायचं. पुढचा रेटा तर निम्मासुद्धा नव्हता. पट्टी नळीपर्यंत पोचायची नाही आणि रिकामीच परतायची. एखादी टोपी आलीच तर ती अर्धवट बसायची, बुडातून नखभर वर. ॲन्सेल बुडांवरून अंगठा फिरवून एकेक तपासायचा. पण अंगठाही म्हातारा झाला होता. एक काडतूस त्यातून सुटलं.

नोव्हेंबरात एके सकाळी डेल्मर एल्कच्या, म्हणजे इथल्या थोरल्या हरणाच्या, शिकारीवरून ते काडतूस घेऊन खाली आला.

"घे. मोठा एल्क होता, समोर साठ पावलांवर उभा. मी चाप ओढला. टिक! त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि गेला की तो आपला चालत. पळालासुद्धा नाही लेकाचा."

तो खूप हसला. ॲन्सेलही हसला. पण डेल्मर गेल्यावर त्याने ते काडतूस माझ्या डोक्यावरच्या फळीवर उभं केलं. टोपीवर खड्डा पडलेला दिसावा म्हणून उलटं. वर्षभर ते तिथून माझ्याकडे बघत होतं.

या साली ऑगस्टपासूनच तो माझ्या मागे लागला. दात घासायच्या जुन्या ब्रशने पट्टी साफ केली. नळीचं टोक झिजलं असेल म्हणून नवं बसवलं. पोस्टाने स्प्रिंग मागवली. पट्टीची तार सरळ केली, मग वाकवली, मग पुन्हा सरळ केली. जुने भाग तो जॅमच्या रिकाम्या बाटलीत टाकायचा. बाटली निम्म्याच्या वर भरली आणि मी जवळजवळ नवा झालो. तरी तेच. पाच पुंगळ्या नीट, सहावी बोडकी.

एकदा त्याने फोन बाकावर ठेवून कारखान्यालाच विचारलं. पलीकडे एक मुलगी होती, बोलायला गोड. तिने सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, दांडा शेवटपर्यंत दाबताय ना? पुष्कळ लोकांचं तिथेच चुकतं."

"बाई," ॲन्सेल म्हणाला, "तुमचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून दाबतोय." आणि फोन ठेवून दिला.

मला तेव्हा तोंड असतं तर मी ओरडलो असतो, की तिचं ऐक. लोखंडाला फक्त अडता येतं. अडणं हेच माझं बोलणं, आणि तो ते ऐकून दरवेळी मलाच खोलायचा.

दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. लोर्ना तिकडे शहरात असते. तिच्याशी तो माझ्यासमोर बसूनच बोलतो. वर स्वयंपाकघरात आता फारसा बसत नाही.

"डेल्मरच्या गाडीत दुकानातल्या काडतुसांचं खोकं होतं," तो म्हणाला. "सीटवर. वर्तमानपत्र टाकलं होतं त्याच्यावर."

"मग काय झालं बाबा? या वर्षी तीच वापरा की दोघं."

"हं."

"बाबा?"

"त्याने वर्तमानपत्र टाकलं होतं गं वर," तो पुन्हा म्हणाला.

फोन संपला. डेल्मरचं रिकामं खोकं त्याच्या मांडीवर होतं. शिकारीचा हंगाम आठ दिवसांवर आला होता, आणि खोक्यात घालायला एकही भरवशाचं काडतूस नव्हतं.

तुमच्या घरात असं एखादं जुनं यंत्र असेल आणि ते रुसल्यासारखं वाटलं, तर माझं एवढं ऐका. पाना घेण्याआधी एकदा आपल्या हाताकडे बघा. हात थकला म्हणून यंत्र रागावत नाही. त्याला दुसरा हातही चालतो. फक्त खरं काय ते कुणीतरी सांगावं लागतं.

रविवारी दुपारी डेल्मर आला. बायकोने दिलेली जॅमची बाटली त्याच्या हातात होती.

"अजून या लोखंडी बयेच्या पायाशीच बसलायस का रे म्हाताऱ्या? वर ऊन पडलंय."

"बरा आलास," ॲन्सेल म्हणाला. "इथे बस. तू दांडा ओढ, मी बॅटरी धरून पट्टी बघतो. कुठे अडतं ते एकट्याला दिसत नाही."

"मी? एकतीस वर्षांत हात लावू दिला नाहीस."

"आज लाव. चष्मा घाल तो. आणि दमाने. गाय पिळायची नाहीये."

"गाय निदान दूध तरी देते," डेल्मर म्हणाला आणि बसला.

बेचाळीस वर्षांत दुसरा हात पहिल्यांदाच माझ्यावर पडला. जाड, खरखरीत, अनोळखी हात. दांडा खाली आला, पुरता. वर गेला, पुढे रेटला. टक्. ॲन्सेलने पुंगळी काढून बुडावरून अंगठा फिरवला. दुसरी ठेवली. टक्. तिसरी. दहावी. विसावी.

ॲन्सेलसमोर मला खूप लाज वाटली. एकदा तरी अडावं असं फार वाटलं. पण पुरता दाब मिळाल्यावर मला चुकता येत नाही.

"चालतंय की झकास," डेल्मर म्हणाला. "कुठे अडतं म्हणालास?"

"सर जरा. ही धर बॅटरी."

ॲन्सेल स्टुलावर बसला. त्याने दांडा ओढला. त्याचा उजवा खांदा कानापर्यंत वर आला आणि ओठ मिटले. बॅटरीच्या उजेडात पट्टी मागे गेली आणि नळीपासून काडीभर अलीकडे थांबली. ते त्याने पाहिलं. डेल्मरनेही पाहिलं. आधी पट्टी, मग खांदा.

"कधीपासून?" डेल्मरने हळूच विचारलं.

ॲन्सेल दांडा सोडून उठला. फळीवरचं ते खड्डा पडलेलं काडतूस त्याने खाली काढलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. मग डेल्मरला खांद्याला धरून पुन्हा स्टुलावर बसवलं. राहिलेल्या साठ पुंगळ्यांचा डबा त्याच्यापुढे सरकवला. डेल्मरच्या नावाचं खोकं त्याच्या डाव्या हाताशी ठेवलं. मग स्वतःच्या नावाचं खोकंही उचललं, चिकटपट्टीवरच्या व्हर्नाच्या अक्षरावरून अंगठा फिरवला आणि तेही त्याच्याचपुढे ठेवलं.

डेल्मर दोन्ही खोक्यांकडे बघत राहिला. त्याचा हात माझ्या दांड्यावर होता.

ॲन्सेल जिन्याकडे वळला. उजवा हात पोटाशी धरून, एकेक पायरी चढत तो वर उजेडात गेला.